दिवाळीची पोस्त : रोख की कूपन?

सणासुदीला माणसाने माणसाला वस्तू द्यावी की पैसा द्यावा, हा प्रश्न घरोघरचा आहे. त्यात आता एक तिसरा पाहुणा येऊन बसला आहे. प्लास्टिकचे एक चकचकीत कार्ड, किंवा मोबाइलवर येणारा आकड्यांचा एक लांबलचक क्रमांक. तो ठरलेल्या दुकानात दाखवला की ठरलेल्या रकमेचा माल मिळतो. गिफ्ट कार्ड असे त्याचे नाव. तो पैसा म्हणावा तर बाजारात दुसरीकडे चालत नाही, आणि वस्तू म्हणावी तर हातात काहीच नाही.

व्याख्यानमालेच्या चालकांनी हा विषय माझ्यासारख्या कामगार संघटनेत काम करणाऱ्या माणसाकडे दिला याचे प्रथम मला नवल वाटले. मी इतिहासाचा पदवीधर नव्हे. शाळा नववीत सुटली. पुढचे जे काही वाचन झाले ते संघटनेच्या कचेरीतल्या कपाटातून आणि कामगार न्यायालयाच्या बाकावर तारखेची वाट पाहताना. तेव्हा घरातल्या भेटींविषयी मी थोडे बोलेन, आणि मालकाने मजुराला दिलेल्या भेटीविषयी अधिक. कारण रोख की कूपन हा प्रश्न तेथे फार जुना आहे. त्यावर कायदे झाले आहेत, संप झाले आहेत, एके ठिकाणी तर गोळ्याही चालल्या आहेत.

आधी आपल्याकडचे शब्द पाहू. भाऊ बहिणीच्या तबकात टाकतो ती ओवाळणी. लग्नात देतात तो आहेर. आणि टपालवाला, झाडूवाला, घरकामाची बाई यांना दिवाळीत द्यावयाची ती पोस्त. रक्कम तीच असेल, एकशेएक रुपये. पण शब्द बदलला की देणारा कोठे उभा आहे आणि घेणारा कोठे, हे लगेच कळते. आहेराची वही ठेवतात. कोणी काय दिले ते तीत लिहितात, आणि त्यांच्या घरी कार्य निघाले की ती वही उघडून पाहतात. म्हणून आपल्या समाजात रोख आहेराची कोणाला लाज वाटली नाही. पाकिटावर रुपयाचे नाणे चिकटवून ते पाकीट छापून विकण्यापर्यंत आपली मजल गेली. बँकासुद्धा लग्नसराईसाठी रंगीत गिफ्ट-चेक विकत. पोस्तीची वही मात्र कोणी ठेवत नाही. टपालवाला ती परत करणार नसतो. त्याने वर्षभर जिने चढून जे केले तीच त्याची परतफेड. फक्त ती हिशेबात कोठे मांडलेली नसते.

बरोबरीच्या माणसांत वस्तू बरी की रोख, यावर अर्थशास्त्रज्ञांनीही डोके चालवले आहे. १९९३ साली जोएल वॉल्डफोगेल या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना विचारले, की नाताळात तुम्हांला मिळालेल्या वस्तूंची बाजारातली किंमत काय असेल, आणि त्याच वस्तूंसाठी तुम्ही स्वतः किती मोजाल. दोन्ही आकड्यांतल्या फरकावरून त्यांनी हिशेब मांडला, की भेटीच्या किमतीचा दहावा ते तिसरा हिस्सा वाया जातो. आजी-आजोबा, काका, आत्या यांच्या भेटी सर्वांत जास्त चुकतात, आणि म्हणूनच की काय, हीच मंडळी रोख जास्त देतात असेही त्यांना आढळले. मात्र उत्तर देताना भावनेची किंमत धरू नका, अशी सूचना त्यांनी विद्यार्थ्यांना केली होती. भाकरी बाजूला काढून जेवणाचा हिशेब करण्यातला हा प्रकार आहे. बहिणीने भावासाठी विणलेला स्वेटर दोन बोटे आखूड झाला तरी तो वाया गेला असे मी म्हणणार नाही. तेव्हा घरातला प्रश्न घरात सोडू. ज्याच्या हाताखाली राबावयाचे त्यानेच भेट दिली तर काय, हा खरा इतिहासाचा प्रश्न आहे.

आपल्या खेड्यातला मजूर आणि कारागीर पिढ्यान्पिढ्या वस्तूंत मोबदला घेत आला. सुतार, लोहार, कुंभार, परीट, न्हावी, चांभार, मांग, महार यांना खळ्यावर धान्याचा वाटा मिळे, त्याला बलुते म्हणत. आणि सणावाराला शिळेपाके, जुनेपुराणे. या पद्धतीचे गोडवे गाणारे लोक आहेत. गाव एक कुटुंब होते, असे ते म्हणतात. पण या कुटुंबात वाटा किती द्यावयाचा, कोणते धान्य द्यावयाचे, आणि रागावल्यावर द्यावयाचा की नाही, हे देणारा ठरवी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात महार वतनासंबंधी जे बिल मांडले, त्यात बलुत्याचे रोख रकमेत रूपांतर करण्याची तरतूद होती. वरवर पाहता धान्याऐवजी पैसे, एवढाच तो बदल. पण रोख रक्कम ठरली म्हणजे हक्क ठरला. खळ्यावर हात पसरून उभे राहणे संपले. गावच्या पाटलांना त्याचा अर्थ चांगला कळत होता. ते बिल त्या वेळी मंजूर झाले नाही. वतने नष्ट करणारा कायदा मुंबई राज्यात १९५८ साली झाला.

रोकडा पैसा मिळवण्यासाठी कोकणातला आणि घाटावरचा माणूस मुंबईच्या गिरणीत आला. तेथे त्याला काय मिळाले? पगार रोख होता खरा, पण तो महिना संपून पुष्कळ दिवस गेल्यावर हातात पडे. तोपर्यंत वाण्याकडे उधारी, आणि उधारीला व्याज. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांनी जो अर्ज सरकारकडे धाडला, त्यात आठवड्याची सुटी आणि दुपारची विश्रांती यांच्याबरोबर आणखी एक मागणी होती: मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत द्यावा. एवढे मागण्यासाठी साडेपाच हजार सह्या लागल्या, हे ध्यानात घ्या.

आणि याच गिरण्यांत एक चमत्कारिक भेट विणकराला मिळत असे. मागावर कापडात डाग पडला, धागा तुटला, पट्टा वाकडा आला, की ते खराब कापड विणकराच्या गळ्यात घालीत आणि त्याची किंमत पगारातून कापून घेत. कापड विणलेही त्यानेच, आणि विकतही घेतले त्यानेच. मग तो ते काखोटीला मारून गल्लोगल्ली हिंडे आणि मिळेल त्या भावाने विकून पैसे उभे करी. सर चार्ल्स फॉसेट यांच्या अध्यक्षतेखाली १९२८ च्या मोठ्या संपानंतर जी चौकशी समिती बसली, तिच्यापुढे हा प्रश्न आला होता. पगाराचा एक भाग वस्तूत दिला की कामगाराला दुकानदार व्हावे लागते आणि तोट्यात धंदा करावा लागतो, याचे इतके उघडे उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

रोखीचे मोल या माणसाला दुसऱ्याही एका कारणाने होते. १८८० साली आपल्या देशात टपालखात्याची मनीऑर्डर सुरू झाली, आणि रत्नागिरी, सातारा या जिल्ह्यांतली घरे तिच्यावर जगू लागली. गिरणगावातल्या कामगाराच्या पगाराला तीन वाटा फुटत : खाणावळवालीचे देणे, वाण्याचे व पठाणाचे देणे, आणि गावी मनीऑर्डर. यांतले एकही देणे मिठाईच्या पुड्याने किंवा धोतरजोडीने भागत नसे. पैसा हातातून पुढे जाऊ शकतो, आईपर्यंत, सावकारापर्यंत, शाळेच्या फीपर्यंत. वस्तू जेथे दिली तेथेच राहते. रोख आणि कूपन यांतला फरक मी शोधतो तो येथे. तो एवढ्याशा गोष्टीत आहे, पण त्यावर फार काही अवलंबून आहे.

आसामातल्या चहाच्या मळ्यांत हे मालकांनी बरोबर ओळखले होते. एकोणिसाव्या शतकात तेथे अनेक मळ्यांनी आपापली नाणी पाडली, मळ्याचे नाव कोरलेले पितळेचे, कथलाचे बिल्ले. सुट्या नाण्यांची टंचाई होती हे कारण खोटे नव्हे. परंतु तो बिल्ला मळ्याबाहेर चालत नसे, आणि ज्याच्या गाठीला केवळ बिल्ले आहेत तो मजूर पळून जाऊन आगगाडीचे तिकीट कशाने काढणार?

इंग्लंडात ही गोष्ट आणखी जुनी. कापडधंद्यातल्या मजुरांना वेतनापोटी टाचण्या, कमरपट्टे असला निरुपयोगी माल न देता चालू नाणे द्यावे, असा कायदा तेथे १४६५ साली झाला होता. कायदा करावा लागला, म्हणजे प्रकार चालू होता. पुढे कारखाने आले, आणि मालकाच्या दुकानातून माल घेण्याची सक्ती आली. अशा दुकानाला ते लोक टॉमी शॉप म्हणत. डिझरायलीच्या १८४५ सालच्या ‘सिबिल’ या कादंबरीत तसले एक दुकान आहे. १८३१ च्या ट्रक अॅक्टने पुष्कळ धंद्यांतल्या मजुरांचे वेतन चालू नाण्यांतच दिले पाहिजे असे ठरवले, आणि १८८७ च्या कायद्याने ते जवळजवळ सगळ्या अंगमेहनतीच्या कामगारांना लागू झाले. घरगुती नोकर तेवढे वगळले गेले. घरगुती नोकर नेहमीच वगळले जातात. अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनियातल्या कोळसाखाणींत कंपनीचे स्वतःचे नाणे होते. कंपनीच्या दुकानात त्याची पुरी किंमत. रोख डॉलर हवा असला तर त्यातून काही सेंट कापून घेत. ही कापाकापी लक्षात ठेवा, पुढे तिची गाठ पडणार आहे.

पण यांपेक्षा मला मेक्सिकोतली हकीकत जवळची वाटते, कारण ती आपल्यासारख्या कापडगिरणीतल्या माणसांची आहे. वेराक्रूझ प्रांतात रिओ ब्लांको येथे त्या देशातली मोठी कापडगिरणी होती. कामगारांच्या कमाईचा मोठा हिस्सा दुकानाच्या चिठ्ठ्यांत आणि उधारीत जाई. अशा दुकानाला तेथे ‘तिएन्दा दे राया’ म्हणत. १९०६ च्या अखेरीस मालकांनी जाचक नियम लावले, तंटा वाढला, आणि नाताळच्या तोंडावर मालकांनी गिरण्यांना टाळे ठोकले. प्रकरण राष्ट्राध्यक्ष पोर्फिरिओ दिआस यांच्याकडे गेले. त्यांनी बहुतेक मालकांच्या बाजूने निवाडा देऊन ७ जानेवारी १९०७ रोजी कामावर जा असा हुकूम केला. टाळेबंदीत दोन आठवडे उपाशी काढलेली माणसे आणि बाया त्या सकाळी गिरणीच्या दाराशी जमल्या. त्यांनी राग काढला तो गिरणीवर नव्हे, यंत्रांवर नव्हे. त्यांनी दुकान लुटले आणि जाळले. मग लष्कर आले आणि गोळ्या चालल्या. किती मेले याचे आकडे वेगवेगळे देतात.  दहा वर्षांनी, १९१७ साली, क्रांतीनंतरच्या मेक्सिकोच्या राज्यघटनेत कलम १२३ आले. वेतन कायदेशीर चलनातच दिले पाहिजे. माल, चिठ्ठ्या, बिल्ले किंवा पैशाची जागा घेणारी दुसरी कोणतीही खूण चालणार नाही, असे त्यात लिहिले आहे. एखाद्या देशाच्या राज्यघटनेत कूपनाचा उल्लेख यावा, हे कोणाला विचित्र वाटेल. रिओ ब्लांको ठाऊक असणाऱ्याला वाटणार नाही.

आपल्याकडे १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने पगार चालू नाण्यांत किंवा नोटांत द्यावा असे ठरवले आणि कपातींवर मर्यादा घातली. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेनेही १९४९ च्या आपल्या ९५ व्या करारात हेच तत्त्व घातले आणि कूपनांनी वेतन देण्यास मनाई केली. पगाराचा प्रश्न असा मिटला. राहिली ती दिवाळीची भेट.

बोनसविषयी दरवर्षी दिवाळीच्या सुमारास एक गोष्ट मोबाइलवरून फिरते. पूर्वी पगार आठवड्याला मिळे, वर्षाचे बावन्न आठवडे म्हणजे चार-चार आठवड्यांचे तेरा महिने. इंग्रजांनी बाराच पगार देऊन एक पगार बुडवला, आणि तोच १९४० पासून बोनस म्हणून परत मिळू लागला. गोष्ट गोड आहे. पण मुंबईच्या गिरण्यांत महिन्याचा पगार त्याच्या कितीतरी आधीपासून होता. तो उशिरा मिळतो म्हणून तर लोखंड्यांचा अर्ज गेला. आणि बोनसही १९४० च्या आधीचा आहे. पहिल्या महायुद्धात महागाई भडकली, गिरण्यांना अफाट नफा झाला, तेव्हा मुंबईच्या गिरणीमालकांनी १९१७ साली पगारावर दहा टक्के युद्ध-बोनस दिला, आणि १९१८ साली तो पंधरा टक्के केला. त्यानंतर काही वर्षे दरसाल सुमारे एका महिन्याच्या पगाराइतका बोनस मिळत राहिला. मालकांच्या लेखी ही खुशीची देणगी होती. कामगाराच्या घरात मात्र ती धरलेली रक्कम झाली. तिच्या भरवशावर लग्ने ठरू लागली, कर्जाचे वायदे होऊ लागले.

मंदी आली तशी मालकांनी १९२३ साली सांगितले की या वर्षी बोनस नाही. जानेवारी १९२४ मध्ये दीड लाखाच्या वर कामगार बाहेर पडले आणि मार्च उजाडेपर्यंत गिरण्या बंद राहिल्या. सरकारने मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीचा निर्णय असा, की दरसाल बोनस मिळण्याचा हक्क कामगारांना सिद्ध करता आलेला नाही. रूढीने नाही, कायद्याने नाही, न्यायबुद्धीनेही नाही. म्हणजे ती भेट होती, आणि भेट देणाऱ्याने हात आखडता घेतला तर तक्रार चालत नाही. माणसे रिकाम्या हाताने कामावर गेली.

भेटीचे हक्कात रूपांतर होण्यास यानंतर चाळीस वर्षे लागली. १९५० साली मुंबईच्या गिरण्यांच्याच तंट्यात कामगार अपील न्यायाधिकरणाने एक सूत्र बसवले: नफ्यातून घसारा, पुनर्वसन, भांडवलावरचा मोबदला वजा करावा, आणि उरेल त्यात कामगारांचा वाटा आहे. त्याच वर्षी बोनसच्याच मागणीवर दोन महिन्यांचा मोठा संप झाला. १९६१ साली श्री. मेहेर यांच्या अध्यक्षतेखाली बोनस आयोग बसला, १९६४ साली त्याचा अहवाल आला आणि १९६५ साली बोनस प्रदान कायदा झाला. प्रथम किमान चार टक्के, आणि सत्तरीच्या आरंभापासून ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाच्या वेतनाचा बारावा भाग. या कायद्यात एक लहानसे कलम होते, एकोणिसावे. बोनसची रक्कम मालकाने रोखीने द्यावी. वकील मंडळी या कलमाकडे फक्त मुदतीसाठी पाहत. मला मात्र त्यातला ‘रोखीने’ हा शब्द नेहमी सोन्यासारखा वाटत आला. पोस्त आणि बोनस यांच्यामध्ये तो एक शब्द उभा होता.

ज्यांना हा कायदा लागू नव्हता त्यांचे काय, हे पाहायचे तर महापालिकेकडे पाहावे. तेथल्या कामगारांना दिवाळीत जे मिळते त्याला ‘सानुग्रह अनुदान’ म्हणतात. पहाटे गटारात उतरणाऱ्या माणसाला वर्षाकाठी मिळणाऱ्या रकमेत अनुग्रह कोणाचा आणि कोणावर, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेले नाही.

रोखीच्या विरुद्धही बोलता येते, आणि ते बोलले पाहिजे. पगाराच्या दिवशी गिरणीच्या दाराबाहेर पठाण काठी घेऊन उभा असे आणि थोडे पुढे दारूचा गुत्ता असे. पगार खिशात घेऊन निघालेला माणूस घरी पोचेपर्यंत त्यातला किती उरेल याची घरच्या बाईला धास्ती. रोख नको, महिन्याचे धान्य घरपोच टाका, असे म्हणणाऱ्या स्त्रिया मी स्वतः ऐकल्या आहेत, आणि त्यांना अडाणी म्हणण्याची माझी हिंमत नाही. टंचाईच्या काळात तर रोख पैसा फसवतो. १९४३ साली मुंबईत रेशनिंग सुरू झाले, त्या वेळी खिशात नोट असून धान्य मिळत नव्हते. महागाई भत्त्याचा आकडा वाढे आणि बाजारभाव त्याच्या पुढे धावे. तेव्हा रेशनकार्डाने जे केले ते नोटांनी केले नाही. मालकाचे दुकान म्हणजे लुटारूंचा अड्डाच असतो असेही नाही. स्कॉटलंडात न्यू लॅनार्क येथे रॉबर्ट ओवेन यांनी आपल्या गिरणीच्या दुकानात चांगला माल स्वस्तात विकला आणि त्याचा नफा मुलांच्या शाळेला लावला. पण ओवेनसारखा मालक शतकात एखादा. १८४४ साली रॉचडेलच्या अठ्ठावीस माणसांनी स्वतःचे सहकारी दुकान काढले, तेथे माल निवडणारे आणि घेणारे एकच होते. धान्य हवे की रोख, याचा निर्णय ज्याने राबून कमावले त्याच्या घरात व्हावा, नवराबायकोंनी भांडून करावा. तो कचेरीतल्या टेबलावर होऊ नये.

आता कूपनाकडे येऊ. कूपन मोठ्या सभ्यपणे आले. इंग्लंडात दुसऱ्या महायुद्धानंतर दुपारच्या जेवणाची कूपने निघाली. दिवसाला तीन शिलिंगांच्या कूपनावर कर नाही, अशी सवलत १९४८ साली ठरली. तीन शिलिंगांत तेव्हा जेवण होत असे. पुढे शिलिंग गेले, पंधरा पेन्स आले, भाव आकाशाला भिडले; आणि २०१३ साली ही सवलत रद्द झाली तेव्हाही मर्यादा तेवढीच, पंधरा पेन्स. पासष्ट वर्षांत एक पैसा वाढला नाही. पगार वाढवून घेण्यासाठी संघटना भांडते. कूपनासाठी कोणी संप करीत नाही, आणि मालक आपण होऊन ते वाढवीत नाही.

१९९० नंतर अमेरिकेतल्या दुकानांनी प्लास्टिकची गिफ्ट कार्डे काढली, आणि त्यांना लवकरच एक गुपित कळले. लोक कार्डावरची सगळी रक्कम खर्चच करीत नाहीत. कार्ड हरवते, विसरते, पन्नास-साठ रुपये उरतात त्यांत काही येत नाही. ही न वापरलेली रक्कम दुकानाचे उत्पन्न होते. स्टारबक्स या कॉफीच्या कंपनीने २०२३ च्या हिशेबात अशा रकमेपोटी वीस कोटी डॉलरांच्या आसपासचे उत्पन्न दाखवले आहे. कार्ड घेणे म्हणजे दुकानाला आगाऊ, बिनव्याजी, बिनतारण कर्ज देणे. दुकान बुडाले म्हणजे हे कळते. बॉर्डर्स ही अमेरिकेतली पुस्तकांची मोठी दुकानमालिका २०११ साली दिवाळ्यात निघाली, तेव्हा लोकांच्या हातांत तिची एकवीस कोटी डॉलरांची कार्डे होती; ती अखेर कागदासारखी झाली. मधल्या काळात अमेरिकेने २००९ साली कायदा करून कार्डाची मुदत किमान पाच वर्षे ठरवली. आपल्या रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या नियमांत गिफ्ट कार्डाला दहा हजार रुपयांची कमाल मर्यादा घातली आहे, आणि त्यातून रोख काढता येणार नाही असेही म्हटले आहे. नोटेवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरचे वचन असते आणि तिला मुदत नसते. कार्डावर दुकानाचे वचन असते, आणि त्याखाली बारीक अक्षरांत अटी.

मग कंपन्या कामगारांना कार्डे देतात ती का? एक तर कर. १९६१ च्या आयकर कायद्याखालच्या नियमांत अनेक वर्षे अशी सोय होती, की मालकाने वर्षाला पाच हजारांच्या आत वस्तूरूप भेट किंवा व्हाउचर दिले तर त्यावर कर नाही; तेवढीच रक्कम रोख दिली तर ती पगारात धरावयाची. ज्याचा पगार करापर्यंत पोचतच नाही अशा मजुराला या सवलतीचा काय उपयोग, ते सांगावयास नको. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. १९५२ च्या भविष्यनिर्वाह निधी कायद्यात मूळ वेतनाची व्याख्या करताना जे वगळले होते, त्यात मालकाने दिलेल्या भेटी वगळल्या होत्या. वाढ पगारात मिळाली तर तिच्यावर फंड, ग्रॅच्युइटी, जादा कामाचा दर, सगळे चढते. भेटीत मिळाली तर तिच्यावर काही चढत नाही, आणि पुढच्या वर्षी ती नाही मिळाली तर मॅक्लिऑड समितीचे उत्तर तयारच आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून २०१९ ची वेतन संहिता अंमलात आली आणि जुना बोनस कायदा तिच्यात मिसळून गेला. संहितेप्रमाणे बोनस कामगाराच्या बँकखात्यात जमा करावयाचा आहे. एकोणिसाव्या कलमातला ‘रोखीने’ गेला, पण त्याचा अर्थ राहिला, हे बरे झाले. मात्र त्याच संहितेत वेतनाच्या व्याख्येत एक वाक्य आहे: वेतनाच्या बदल्यात मालकाने वस्तूरूपाने काही दिले, तर एकूण वेतनाच्या पंधरा टक्क्यांपर्यंत ते वेतनच समजले जाईल. या दारातून उद्या काय काय आत येईल, यावर आपल्या संघटनांनी डोळा ठेवावा. मेक्सिकोत तो ठेवला गेला. वॉलमार्ट या कंपनीची मेक्सिकोतली शाखा आपल्या नोकरांना वेतनाचा काही भाग स्वतःच्याच दुकानांत चालणाऱ्या व्हाउचरांत देत असे. एका नोकराने दावा केला, आणि २००८ साली तेथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो प्रकार राज्यघटनेविरुद्ध ठरवला. रिओ ब्लांकोचे दुकान जळून शंभर वर्षे उलटली होती, पण ‘तिएन्दा दे राया’ची आठवण न्यायालयात जिवंत होती.

आमच्या भागातल्या एका औद्योगिक वसाहतीत, कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही, कायद्याच्या बोनसवर दिवाळीला काही जादा रोख रक्कम देण्याची रीत होती. एके वर्षी व्यवस्थापनाने सांगितले, यंदा तेवढ्याच रकमेचे कार्ड देऊ; शहरातल्या मोठ्या मॉलमध्ये चालेल, दिसायलाही बरे. गेटसभा झाली. कायम कामगारांतली तरुण मुले खूश होती. पैसा घरी दिला की घरात जिरतो, कार्ड आपल्याजवळ राहते, बूट घेऊ, हेडफोन घेऊ, असे त्यांचे म्हणणे, आणि त्यात खोटे काही नव्हते. इतक्यात पॅकिंग खात्यातली एक बाई मागून उठून म्हणाली, “दादा, ह्या कार्डावर गावाकडं खताची गोणी मिळंल का? रब्बीची पेरणी हाय.” मुले हसली. पण मग एकाने विचारले, आईच्या औषधाच्या दुकानात चालेल का. दुसऱ्याने विचारले, भिशीत चालेल का. पाऊण तास अशी विचारणा चालली. मी फारसे बोललो नाही, बोलावे लागलेच नाही. त्या वर्षीच्या करारात आम्ही एक ओळ घालून घेतली: ही रक्कम कामगाराच्या बँकखात्यात जमा करावी, वस्तू अथवा व्हाउचर यांच्या रूपाने देऊ नये.

कंत्राटी कामगार त्या करारात नव्हते. त्यांची नावे कारखान्याच्या हजेरीपटावर नसतात. त्यांना त्या दिवाळीत सोनपापडीचा डबा आणि लहान रकमेचे कार्ड मिळाले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेटसमोरच्या मोबाइलच्या दुकानात त्यांची रांग लागली होती. दुकानदार कार्ड ठेवून घेई आणि शंभरामागे काही रुपये कापून रोख हातावर ठेवी. रांगेतली पुष्कळ पोरे मराठवाड्यातली आणि बिहारातली होती. रात्रीची गाडी गाठायची होती, म्हणून घासाघीस कोणी करीत नव्हते.